चोवीस नावांची वही

संक्रांत झाली की मी कपाटातून वही काढतो. लांबट, दोनशे पानी, पुठ्ठ्यावर तेलाचे डाग. 2004 साली शिवजयंतीला आमच्या मंडळाने शिवनेरीहून पहिल्यांदा शिवज्योत, म्हणजे गडावर पेटवलेली मशाल, धावत आणली. तेव्हापासून कुठल्या वर्षी कोण कुठे धावलं, ते सगळं तिच्यात आहे. कार्यकारिणी बदलत गेली, अध्यक्ष बदलले, वही मात्र माझ्याकडेच राहिली. कुणी मागितली नाही आणि मीही दिली नाही.

सुरुवातीला शिवजयंती तिथीने की तारखेने, यावरच दोन बैठका गेल्या. जुनी मंडळी फाल्गुन वद्य तृतीयेवर ठाम होती. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. पण तिथी बहुतेक मार्चात येते. तेव्हा दहावीची परीक्षा आणि ऊन, दोन्ही असतं. धावायला पोरं मिळायची तर 19 फेब्रुवारीच बरी, असं ठरलं. तिथीला आम्ही आळीतच पूजा करतो.

शिवनेरी ते पुण्यातली आमची आळी हे अंतर साधारण 95 किलोमीटर. एका निवृत्त पीटीच्या सरांनी पहिल्या वर्षी हिशेब मांडून दिला, तोच आजवर चालतो. चोवीस जण, सहा-सहाच्या चार तुकड्या. एकाने पाचशे मीटर पळायचं, मशाल पुढच्याच्या हातात द्यायची आणि टेम्पोत चढायचं. सहा जणांची एक फेरी झाली की तीन किलोमीटर होतात. अशा आठ फेऱ्या म्हणजे तुकडीचे चोवीस किलोमीटर, प्रत्येकाच्या वाट्याला चार. ताशी आठच्या वेगाने त्याला तीन तास लागतात. संध्याकाळी साडेसहाला गडाच्या पायथ्याहून निघालं की सकाळी साडेसहा-सातला आळीत. सर बजावायचे, "पाचशेच्या पुढे कुणाला पळू देऊ नका. पोरं जोशात पहिल्या तासातच सगळं संपवतात आणि पहाटे पाय उचलत नाहीत." 2006 ला आम्ही ऐकलं नाही. मोशीपासून पुढे ज्योत जवळजवळ चालतच आणावी लागली. सर काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळ बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

यादी करणं हे सगळ्यात अवघड काम. जानेवारीच्या बैठकीत चाळीस हात वर होतात. पहाटे साडेपाचच्या सरावाला पहिल्या आठवड्यात पंचवीस जण येतात, तिसऱ्या आठवड्यात चौदा. अठरा तारखेला टेम्पो सुटायच्या वेळी दोघा-तिघांचे फोन लागत नाहीत. नोकरी असते, घरी आजारपण असतं, ते मी समजू शकतो. पण सकाळी सात वाजता आमच्या चौकात फेटे बांधून साठ जण मशालीमागे पळतात, फोटोत तेच दिसतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. रात्री एक वाजता खेड घाटात सहा जण होते. त्यांचा फोटो कुणी काढलेला नसतो. त्यांची नावं वहीत आहेत, प्रत्येक वर्षीची, फेरीसकट.

मशालीचंही एक शास्त्र आहे. कापड सुतीच लागतं. आम्ही जुन्या धोतरांच्या पट्ट्या घट्ट गुंडाळतो आणि वरून तार आवळतो. टेरिकॉट चालत नाही, ते वितळतं आणि पेटते थेंब हातावर पडतात. हात लांब, मशाल अंगापासून बाजूला आणि डोक्याच्या वर. पळताना ज्वाळ मागे येते, हात जरा जवळ आला की भुवया गेल्याच. पूर्वी रॉकेल वापरायचो. ते मिळेनासं झालं, तेव्हापासून खायच्या तेलावर भागवतो. धूर कमी होतो, पण भिजवायला वेळ लागतो.

आणि कंदील. गड चढून शिवाई देवीपुढे ज्योत पेटली, जन्मस्थानी शिवगर्जना झाली की त्याच ज्योतीवर एक कंदील पेटवतो. तो पुढच्या टेम्पोत, तेलाचा डबा मागच्या. मशाल वाऱ्याने विझली तर कंदिलावरून पुन्हा पेटवायची, म्हणजे आळीत येते ती गडावरचीच ज्योत. पहिल्या वर्षापासून कंदील माझ्या मांडीवर असतो. नारायणगावला मीना, कळंबला घोड, राजगुरुनगरला भीमा, मोशीला इंद्रायणी. पुलांवर वारा असतो, तिथे मी काचेवर हात धरतो. पहाटे चाकणला संग्रामदुर्गाच्या दिशेने सगळे उभे राहतात आणि फिरंगोजी नरसाळ्यांच्या नावाने गर्जना होते. 1660 साली शाइस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेपुढे त्यांनी हा छोटासा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. कंटेनर घोंगावत बाजूने जात असतात. झोपलेल्या तुकड्याही त्यासाठी उठतात, उठवावं लागत नाही.

आळीत पोहोचल्यावरचा कार्यक्रम सगळीकडे असतो तसाच. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. बायका पाळणा म्हणतात, सुंठवडा वाटतात. त्यानंतर जे असतं त्यासाठी मी रात्रभर जागलेला असलो तरी पहिल्या रांगेत बसतो. ते म्हणजे मनोगत. दुसऱ्या वर्षीच सरांनी नियम केला की पाहुण्यांच्या आधी, त्या वर्षी पहिल्यांदा धावलेल्यांनी बोलायचं. कागद नाही, एका मिनिटात. शाळेतली पोरं एरवी "आदरणीय व्यासपीठ" पासून सुरू करतात आणि पाठ केलेलं संपवतात. पण रात्रभर धावून आलेल्या पोराला पाठ केलेलं आठवत नाही. पाय सुजलेले, डोळे लाल, आवाज बसलेला. मग ते जे बोलतं ते खरं असतं.

2015 ला पहिल्यांदा दोन मुली यादीत आल्या. रात्रीचं, हायवेचं कसं जमणार म्हणून बैठकीत बरीच कुरकुर झाली होती. त्यातली एक माइकवर म्हणाली, "मला गाड्यांची भीती वाटत होती. पण मशाल हातात आली आणि मला गाड्या ऐकूच आल्या नाहीत. नुसती फडफड ऐकू येत होती." बस, एवढंच. त्यानंतर मुलींच्या नावावर कुणी कुरकुर केली नाही.

2018 च्या मनोगताशिवाय माझी आठवण पुरी होत नाही. वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा सतरा वर्षांचा पोरगा, तिसऱ्या तुकडीत. पाचव्या फेरीत दोनशे मीटरवर त्याला उलटी झाली. तुकडीतला थोरला उतरला, मशाल घेतली आणि पुढे गेला. टेम्पोत पोरगं माझ्या शेजारी बसलं होतं, लिंबूपाणी दिलं तर तोंड फिरवलं. पुढच्या तिन्ही फेऱ्या पळालं. सकाळी माइकसमोर उभं राहिलं ते बराच वेळ गप्प. मग म्हणालं, "पाचव्या फेरीत मी दोनशेच पळालो. उरलेले तीनशे दादा पळाला. ते माझे होते. पुढच्या वर्षी देणार." आणि खाली उतरलं. टाळी वाजवायला कुणाला सुचलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला.

पुढच्या वर्षी यादी करताना तो घरी आला. "काका, पाचव्या फेरीला माझ्यापुढे आठशे लिहा." पाचशेचा नियम सरांचा, म्हणून मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, लिही. घाटाच्या अलीकडे तो आठशे पळाला, टेम्पोच्या मीटरवर मी डोळा ठेवून होतो. चढून बसल्यावर धाप लागलेली असताना पहिलं वाक्य, "लिहिलं का?" ते पान आजही वहीत आहे, अक्षर हललेलं आहे. आता तिसरी तुकडी तोच सांभाळतो.

ज्यांच्याशिवाय हे झालं नसतं त्यांची आठवण काढतो, चूकभूल द्यावी घ्यावी. दोन्ही टेम्पोवाले मामा, डिझेलशिवाय कधी पैसे घेतले नाहीत. पुढे मोटरसायकलवर लाल दिवा घेऊन राहणारे दोघे भाऊ. मंचरच्या अलीकडचे हॉटेलवाले, रात्री अकराला चहा तयार ठेवतात. खिचडी आणि शिरा करून देणाऱ्या आळीतल्या काकू, त्यांच्या दोन्ही सुना, आणि पातेली देणारे मंडपवाले. मशालीची दांडी दोनदा नवी करून देणारे लोहारकाका. परवानगीचा अर्ज आणि धावणाऱ्यांची यादी घेऊन चौकीत खेटे घालणारे सध्याचे सेक्रेटरी. फोडांना मलम लावणारे कंपाउंडरकाका. धोतरं देणाऱ्या आजी. 2012 ला कंदिलाची काच फुटली तेव्हा रात्री आपल्या घरचा कंदील काढून देणारे पेठ गावातले गृहस्थ, त्यांचं नाव विचारायचं राहिलं, ती रुखरुख आहे. आणि पाळण्याच्या बायका, ज्या 2021 ला कोरोनाच्या बंधनांमुळे ज्योत आली नाही तेव्हाही आपापल्या दारात पाळणा म्हणाल्या.

सर दोन वर्षांपूर्वी गेले. वहीच्या पहिल्या पानावरचा हिशेब त्यांच्याच अक्षरात आहे.

यंदाच्या यादीत आजपर्यंत एकोणीस नावं झाली आहेत. तिसऱ्या तुकडीत, घाटाच्या, दोन जागा आहेत, चौथीत तीन. सराव पहाटे साडेपाचला, मंडळाच्या ओट्यापासून. वही माझ्या हातात असते.