कोणती दोन?

नववीत मी लिहिलेल्या एका इंग्रजी निबंधात ‘डायलेमा’ चार वेळा आला होता. नुकताच हाती लागलेला शब्द, मग काय! पाऊस आला, डायलेमा. वही विसरली, डायलेमा. निबंध तपासून आला तेव्हा चारही ठिकाणी लाल शाईत एकच प्रश्न होता : ‘कोणती दोन?’

बाईंचं म्हणणं असं, की ग्रीकमध्ये ‘डाय’ म्हणजे दोन आणि ‘लेमा’ म्हणजे गृहीत धरलेलं विधान. तेव्हा दोन वाटा बोटं मोडून दाखवता आल्या पाहिजेत, आणि दोन्ही नकोशा हव्यात. एक शिंग चुकवावं तर दुसरं लागतं. पुढच्या तासाला संस्कृतच्या सरांना विचारलं, तर ते खुशीत म्हणाले, “शृंगापत्ती! शिवाय आमच्याकडे दोन्ही टोकांना फास असलेली दोरीही आहे, उभयतःपाशा रज्जुः.” वही विसरणं ही नुसती फजिती, फार तर ‘प्रेडिकमेंट’ म्हणा. आणि काय करावं ते न सुचून डोक्यातच घोळ झाला, तर ‘क्वांडरी’.

हॉब्सन आमचा सगळ्यांत लाडका. टॉमस हॉब्सन, केंब्रिजचा, १६३१ मध्ये वारला. मालाची ने-आण करायचा आणि घोडे भाड्याने द्यायचा. तबेल्यात घोडे चाळीसेक, पण गिऱ्हाइकाने दाराजवळचाच घ्यायचा, नाहीतर चालू लागायचं. एरवी चांगल्या घोड्यांनाच जो तो पळवून दमवणार, म्हणून हा नियम. ‘हॉब्सन्स चॉइस’मध्ये निवड दिसते भरपूर, असते एकच. आम्ही लगेच वर्गात ते सुरू केलं : खडू मागणाऱ्याला डब्यातला वरचा तुकडाच मिळायचा, मग तो नखाएवढा का असेना. (या स्मरणिकेच्या संपादकांनीही कळवलं होतं, “विषय कोणताही चालेल, फक्त शाळेची आठवण हवी, साडेचारशे शब्दांत, रविवारपर्यंत.” मी दाराजवळचा घोडा घेतला.)

सातव्या हेन्रीच्या काळातल्या आर्चबिशप मॉर्टनच्या नावावर एक ‘फोर्क’ आहे. जो थाटात राहतो त्याच्याकडे राजाला द्यायला पैसा असणारच. जो काटकसरीने राहतो त्याने साठवला असणारच. गृहपाठामुळे हा काटा आमच्या ओळखीचा होता. लवकर संपवला तर सोपा झाला म्हणून आणखी, उशिरा संपवला तर सराव कमी म्हणून आणखी.

‘स्टेलमेट’पाशी मात्र बाई थांबल्या, कारण त्यांना बुद्धिबळ येत नव्हतं. शेवटच्या बाकावरचा एकजण उठला. इंग्रजीच्या तासाला तो आपणहून बोलल्याचं मला त्याआधीचं एकही उदाहरण आठवत नाही. फळ्यावर चौकटी काढून तो म्हणाला, “राजाला शह नाही, पण नियमाने एकही चाल उरली नाही, म्हणजे स्टेलमेट. डाव बरोबरीत. झुगझ्वांग याच्या उलटं. चाली आहेत, पण कुठलीही केली तरी नुकसान, आणि ‘माझी चाल राहू दे’ म्हणायची सोय नाही.” बाईंनी तो जर्मन शब्द वहीत उतरवून घेतला. मला तर अजूनही तो सगळ्यांत अचूक वाटतो. पुष्कळदा माणूस अडतो तो वाटा नसतात म्हणून नाही, तर जागच्या जागी उभं राहता येत नाही म्हणून.

‘कॅच-२२’ आता लोक कशालाही म्हणतात. जोसेफ हेलरच्या १९६१ च्या कादंबरीतली ती मूळ अडचण फार नेटकी आहे. वेड्या वैमानिकाला उड्डाणातून सूट, पण ती मागावी लागते; आणि मागण्याइतपत शुद्ध असलेला वेडा कसला? इथे नियमच स्वतःची शेपटी धरून बसलेला असतो.

त्याच वर्षी मधल्या सुट्टीत वर्गाची काच फुटली. मी मॉनिटर. मुख्याध्यापकांनी शाळा सुटेपर्यंत नावं मागितली होती. मी रडकुंडीला येऊन शिक्षक-खोलीच्या दाराशी गेलो.

“बाई, खरंच डायलेमा आहे.”

“कोणती दोन?” त्यांनी वहीतून मान वर केली नाही.

मी बोटं धरली. नावं सांगितली तर तिघं माझ्याशी बोलायचे नाहीत. नाही सांगितली तर मला एकट्यालाच शिक्षा. दोनच बोटं वर होती, पण बाई आता माझ्याकडे बघत होत्या आणि माझी नजर तिसऱ्या बोटावर गेली. डस्टर मीच फेकला होता.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर त्या संध्याकाळी आम्ही चौघं उभे होतो.