तिसऱ्या इनिंगनंतरची माती

छत्तीसच्या जागी पस्तीस भरले. पुन्हा मोजले, पस्तीसच.

अकरा वर्षं अमेरिकेच्या टूर्स करतोय. आमचं आयुष्य सहा-सात-आठमध्ये बसतं: सहाला वेक-अप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. उरलेला वेळ माणसं मोजण्यात जातो. बाहेरच्यांना वाटतं, फुकटात अमेरिका बघायला मिळते. त्यांना ड्रायव्हरचे तास माहीत नसतात. इथे बसचा ड्रायव्हर दहा तासांच्या वर गाडी चालवू शकत नाही आणि ड्यूटीचे पंधरा तास भरले की स्टिअरिंगला हातही लावत नाही. सकाळी कोणी 'एकच मिनिट' म्हणून वीस मिनिटं घालवली, की ती रात्रीच्या जेवणातून कापली जातात. आणि बसमधल्या सीट रोटेशनबद्दल तर बोलायलाच नको. खिडकीवरून एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

तर, २०२५ चा जून, सॅन फ्रान्सिस्को. कार्यक्रमात ओरॅकल पार्क या बेसबॉल मैदानाचा 'फोटो स्टॉप' होता, चाळीस मिनिटांचा. फोटो स्टॉप म्हणजे बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये बसा. आमच्या ऑफिसने हा शब्द शोधून काढला त्या दिवशी कोणाला तरी बढती मिळाली असणार. बघायचं काय, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

म्हणून मी बसमध्ये बेसबॉलवर सात मिनिटांचं भाषण देतो. ते माझं स्वतःचं आहे, ऑफिसचं नाही, आणि मला ते आवडतं. मैदान २००० साली उघडलं. त्याआधी इथली टीम, जायंट्स, कँडलस्टिक पार्कवर खेळायची, ते वाऱ्यासाठी आणि थंडीसाठी बदनाम. हे नवीन अगदी शहरात, पाण्याला लागून. उजव्या टोकाला बाउंड्री फक्त ३०९ फुटांवर, कारण पलीकडे जागाच नाही, थेट खाडी. मग तिथे भिंत २४ फूट उंच बांधली, कारण टीमचा दिग्गज खेळाडू विली मेज, त्याचा नंबर २४. त्याच्या पुतळ्याभोवती ताडासारखी झाडंही चोवीस आणि पत्त्यातही २४. बॉल भिंतीवरून थेट पाण्यात पडला तर तो टिपायला लोक छोट्या होड्या घेऊन तरंगत बसलेले असतात. बॅरी बाँड्सने असे ३५ बॉल पाण्यात घातले. हँक आरनचा सर्वाधिक होमरनचा (होमरन म्हणजे आपला षटकार) विक्रम मोडणारा त्याचा ७५६वा होमरनही ७ ऑगस्ट २००७ ला इथलाच. आत डावीकडे प्रेक्षकांच्या वर ८० फुटी कोका-कोलाची बाटली, तिच्या पोटात मुलांची घसरगुंडी. शेजारी जुन्या काळचा चार बोटांचा भलामोठा हातमोजा. इथवर आलो की मागच्या सीटवरून ठरलेला प्रश्न येतो, "पण यात टप्पा का नाही पडत?"

त्या दिवशी दुपारची मॅच होती. आम्ही पोचलो तेव्हा सुरूही झाली होती. मॅचच्या दिवशी किंग स्ट्रीटवर बस उभी राहूच शकत नाही. ड्रायव्हर लांब जाऊन थांबतो, मी दहा मिनिटं आधी फोन करतो, तो येतो आणि तीन मिनिटांत सगळे चढले पाहिजेत. मी फोन केला. मंडळी पुतळ्याशी जमली. निम्मे पुरुष विली मेजच्या शेजारी फॉरवर्ड डिफेन्स घालून फोटो काढत होते. आणि एक माणूस कमी.

काका. चौऱ्याहत्तर वर्षांचे, नऊ दिवसांत नऊ वाक्यं बोललेले. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलीने दोघांना टूरला पाठवलेलं. मी टॉयलेट बघितलं, टोप्यांचं दुकान बघितलं, पुलापर्यंत पळत गेलो. ड्रायव्हरला परत फोन केला, एक चक्कर मारून ये. काकू मात्र शांत. पर्समधून सुपारी काढत म्हणाल्या, "आत सोडत नसतील ना? मग कुंपणाशी असतील. मागच्या अंगाला बघा."

मागच्या अंगाला, खाडीकडे, भिंतीत कमानी आहेत आणि कमानींना जाळी. तिथून कोणीही फुकट मॅच बघू शकतं, तीन इनिंग्जपर्यंत. (बेसबॉलची मॅच नऊ इनिंग्जची, आणि तीन आउट झाले की बॅटिंगची पाळी संपते.) समोर हिरवळ अगदी जमिनीच्या पातळीवर दिसते आणि उजवीकडच्या फील्डरची पाठ. मी हे भाषणात सांगत नाही. सांगितलं तर सगळे तिथेच थांबतील.

काका तिथेच होते. जाळीत दोन बोटं अडकवून. शेजारी दोन पोरं लसणाचे फ्राइज खात होती.

"काका! सगळे थांबलेत."

त्यांनी मान वळवली नाही. "सकाळी पाणी मारलंय, बरं मारलंय. पण उन्हाने वरचा पापुद्रा सुटलाय बघ. तो पोरगा पळाला तर टाचेखालून कशी उडते."

मी बघितलं. मला खेळाडू दिसत होता. माती त्याच्या पलीकडे, खूप लांब, तपकिरी पट्टा.

"काका, बस उभी राहू शकत नाही इथे."

"ह्या पोराला विचारलं मी. म्हणतो, तिसरी झाली की माती ओढायला येतात. जाळ्या घेऊन. दोन आउट झालेत." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून, "थांबतोस का रे जरा?"

माझ्या खिशात फोन वाजत होता. मी म्हणालो, "नाही जमणार काका." आणि त्यांचा दंड धरला. हे लिहायला नको वाटतं, पण धरला. ते लगेच आले. एवढ्या लगेच की मला वाटलं, या माणसाला आयुष्यभर कोणीतरी असंच मैदानावरून बाजूला केलंय.

पुतळ्यापाशी पोचेपर्यंत मागून लोकांचा गलका आला आणि मग गाणं लागलं. म्हणजे तिसरा आउट झाला होता.

बसमध्ये टाळ्या वाजल्या, त्या टोमण्याच्या. पुढच्या सीटवरचे एक गृहस्थ म्हणाले, "आता सी लायन्सचा वेळ कमी होणार." सी लायन्स पिअर ३९ वर लाकडी तराफ्यांवर आडवे पडलेले असतात. आम्ही गेलो तेव्हाही पडलेले होते, निघालो तेव्हाही. आमचे लोक त्यांना पाऊण तास बघत होते.

रात्री जेवताना मी मुद्दाम काकांच्या टेबलावर बसलो. तेव्हा कळलं, काका माळी. मुंबईत मैदानावरच्या ग्राउंड्समनला माळीच म्हणतात. आझाद मैदानावर एका क्लबच्या प्लॉटवर चौतीस वर्षं. बावीस खेळपट्ट्या शेजारी शेजारी, एकाचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटवर उभा. कांगा लीग भर पावसात, ताडपत्री ओढायची, पाणी उपसायचं, बोलरच्या पायाखाली भुसा टाकायचा आणि अंपायरने विचारलं की सांगायचं, अर्ध्या तासात होईल साहेब. मी नऊ दिवस हा माणूस 'सीट १७, शुगर, कमी तिखट' म्हणून ओळखत होतो.

विषय काढावा म्हणून मी सांगितलं, खाडीपलीकडे ओकलंडची बेसबॉल टीम २०२४ नंतर शहर सोडून गेली आणि याच महिन्यात त्यांनी सोडलेल्या स्टेडियमवर मेजर लीग क्रिकेटच्या मॅचेस झाल्या. काकांनी घास थांबवला. "माती कुठली घातली?"

मला माहीत नव्हतं. भाषणात एवढे आकडे, हा नव्हता.

फीडबॅक फॉर्मवर काकांनी सगळीकडे पाच दिले. सी लायन्सवाल्यांनी 'वेळेचं नियोजन' दोन. ऑफिसचा फोन आला तो त्या दोनबद्दल.

ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच रस्त्याने आलो. पुन्हा दुपारची मॅच. या वेळी ग्रुपला पुतळ्यापाशी सोडलं आणि मी कमानीत जाऊन उभा राहिलो. तिसरी इनिंग संपली. डावीकडून माणसं धावत आली, हातात लोखंडी जाळीच्या चटया, आणि अर्धगोलात माती ओढत निघाली. कोणी बघत नव्हतं, सगळे मोठ्या पडद्याकडे बघत होते. मी घड्याळ लावलं होतं. पावणेदोन मिनिटं लागली. तेवढ्यात झालं, माणसं गायब.

पावणेदोन मिनिटं. बसने तेव्हा तशीही एक चक्कर मारलीच होती.

जाळीतून व्हिडिओ काढून काकांना पाठवला. मुंबईत तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. आमचं रात्रीचं जेवण चालू असताना उत्तर आलं, व्हॉइस मेसेज. मागे कुकरची शिट्टी.

"बघितलं. छान ओढतात. पण तो शेवटचा पोरगा आहे ना, तो पार गवताच्या कडेपर्यंत नेतोय जाळी. तिथं माती साठेल. महिन्याभरात कड उचलेल, मग बॉल तिथून उडी मारेल कोणाच्या तरी तोंडावर. त्याला म्हणावं, हातभर आधी थांब. सांगशील का रे कोणाला?"