हैदराबादला गेलेला पार्ट

मी सोलापुरात डायलिसिस मशिनची सर्व्हिस करतो. जिल्ह्याचे अकराही तालुके माझ्याकडे. मशीन कशामुळे बंद पडलं हे बहुतेक वेळा अर्ध्या तासात कळतं. पार्ट हातात यायला मात्र दिवस जातो, कधी दोन.

मागच्या महिन्यात अक्कलकोटला एका मशिनचं पॉवर सप्लायचं कार्ड गेलं. कॉल दुपारी चारला आला, कार्ड पुण्याच्या स्टोअरला होतं. तिथल्या पोरानं रात्री ट्रॅव्हल्सवर पार्सल टाकलं आणि मला ड्रायव्हरचा नंबर पाठवला. पहाटे पाचपासून मी पुणे नाक्यावर उभा, ड्रायव्हरचा फोन बंद. गाडी कधी निघून गेली कळलंच नाही, पार्सल थेट हैदराबादला. तिकडं दवाखान्यात वागदरीचे एक आजोबा सुनेबरोबर सकाळी सातला येऊन बसलेले. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास त्यांना मशीन लागतं. त्यांना तसंच सोलापूरला आणावं लागलं. सून एवढंच म्हणाली, "दादा, उद्या तरी हुईल का?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून हा प्रश्न इतरांनी कसा सोडवला ते शोधत होतो. ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेली बायबॉक्स नावाची कंपनी नेमकं आमच्यासारख्यांचं काम करते. दिवसा इंजिनिअर मागणी टाकतो, रात्री गाडी निघते आणि पार्ट त्याच्या वाटेवरच्या लॉकरमध्ये ठेवून जाते. सकाळी इंजिनिअर कोड टाकून कप्पा उघडतो आणि तसाच साइटवर जातो. घ्यायला कुणी जागं राहायला नको, कुणाचा फोन लागायला नको. २०१६ मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्स या अमेरिकन गुंतवणूक कंपनीनं ती विकत घेतली. लॉकर म्हटलं की लोकांना अॅमेझॉनचे (२०११ पासूनचे) किंवा पोलंडच्या इनपोस्टचे आठवतात. इनपोस्ट तर जानेवारी २०२१ मध्ये अॅमस्टरडॅमच्या शेअर बाजारात आली. पण त्यात घरगुती पार्सल. साडी एक दिवस उशिरा आली तर कुणाचं रक्त शुद्ध व्हायचं थांबत नाही.

माझ्या मते बायबॉक्स वाढली ती कपाटांमुळे नाही. पत्र्याचं कपाट काय, आपल्या एमआयडीसीतही बनेल. कुठला पार्ट कुठल्या कप्प्यात आहे, कुणी कधी उचलला, याची नोंद आपोआप होते, खरी किंमत तिला आहे. आणि परतीचा माल! हे फक्त सर्व्हिसवाल्यालाच कळेल. आम्ही शंका म्हणून दोन पार्ट मागवतो, लागतो एकच. दुसरा चांगला पार्ट माझ्या डिकीत तीन-तीन आठवडे फिरतो आणि त्याच वेळी लातूरचा इंजिनिअर तोच पार्ट नाही म्हणून अडलेला असतो. लॉकर असला की उरलेला आणि खराब, दोन्ही पार्ट त्याच कप्प्यात टाकायचे. रात्रीची गाडी परत नेते.

साहेबांना मी हे सगळं लिहून पाठवलंय. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर पुणे नाक्यावर ज्यांच्याकडं मी चहा घेतो, त्या काकांच्या टपरीमागं एक लोखंडी पेटी बसवून घेतली. नंबरचं कुलूप, आत फोमचा तुकडा, कार्डाला धक्का लागू नये म्हणून. गाडी तिथं थांबतेच. क्लीनर पार्सल ठेवतो आणि फोटो पाठवतो. काकांनी भाडं घेतलं नाही. त्यांच्या मेहुण्याचं डायलिसिस चालू आहे, हे मला पेटी बसवताना कळलं.

गुरुवारी पहाटे ५.१०ला फोटो आला. मी सहाला उठलो, सव्वासहाला पेटी उघडली आणि साडेसातला अक्कलकोटात मशीन उघडून बसलो होतो. आजोबांचा नंबर नऊचा होता.