पेन्सिलचा गोल

आज लेकीची प्रोजेक्टची वही परत आली. २६ जानेवारीसाठी वर्गात वीर जवानांची माहिती लावणारेत, तर तिने माझ्या काकाचा फोटो चिकटवला होता, शेवटच्या सुट्टीत काढलेला, खांद्यावर दोन तारे, आणि खाली लिहिलं होतं 'युद्धात शहीद, मे १९८८'. बाईंनी 'युद्धात' भोवती पेन्सिलने गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, कोणतं युद्ध?

एवढंच. बाईंचं काही चुकलं नाही, पुस्तकात ६२, ६५, ७१ आणि कारगिल, मधे ८८ कुठं बसणार. पण दुपारपासून तो गोल डोळ्यासमोरून हलेना. लेक विचारतेय, मम्मी मग काय लिहू, आणि मला पटकन सांगता येईना, हेच जास्त लागलं. आम्ही घरात कायम 'काका लंकेत गेला' एवढंच म्हणत आलो. कोणी विचारलंच नाही पुढे, आणि आम्ही सांगितलं नाही.

मग संध्याकाळी त्याची ट्रंक काढली माळ्यावरून. काळी, लोखंडी, वर पांढऱ्या रंगाने इंग्रजीत नाव, शेवटच्या अक्षराचा रंग ओघळून खाली वाळलाय. ही ट्रंक आली तेव्हा मी सहा वर्षांची. आत आपलीच सोलापुरी चादर होती, लाल-काळी, आणि आजीने दिलेला कडक भाकरीचा डबा. आजी सुट्टी संपताना थप्पीच्या थप्पी बांधून द्यायची, महिना महिना टिकतात म्हणून. डब्यात दोन भाकरी आणि तळाला चुरा राहिला होता. आजीने तो चुरा कितीतरी दिवस टाकू दिला नाही. ज्यांच्याशी त्याचं लग्न ठरत आलं होतं त्या एकदा येऊन ट्रंकेपाशी बसून गेल्या होत्या... जाऊ दे.

लेकीला समजावायचं म्हणून सगळं पुन्हा वाचत बसले. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला, आपली फौज गेली ती शांतिसेना म्हणून, तमिळ बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवावीत आणि लंकेच्या सैन्याने बराकीत परतावं ते बघायला. ऑक्टोबरपर्यंत त्याच बंडखोरांशी, एलटीटीईशी, जाफन्यात गल्लोगल्ली लढाई सुरू झाली, मग पुढे जंगल, सुरुंग. अकराशेच्या वर आपले जवान गेले. मेजर परमेश्वरन, आपल्या मुंबईचे, महार रेजिमेंटचे, २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथेच पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते शत्रूसमोरच्या शौर्यालाच देतात ना? मग ते युद्ध नव्हतं तर काय होतं? मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नव्हते, हे वाचून मी फोन उलटा ठेवला आणि रडले थोडी, खरं सांगते, सगळ्यांनी मिळून आमच्याच माणसाला विसरायचं ठरवलंय असं वाटायला लागलं. पंचविशीचा मुलगा. आणि त्याच्या नावापुढे एक धड शब्द नाही.

भाजी आणायला निघालो तर गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, रस्ते बंद, म्हणून चार हुतात्मा पुतळ्यांवरून वळून गेलो. आज १२ जानेवारी, ताजे हार होते. लेक म्हणाली, मम्मी हे कोणत्या युद्धात गेले? मी म्हटलं युद्धात नाही गं, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, इंग्रजांनी १९३१ मध्ये येरवड्याला फाशी दिली यांना, याच तारखेला. ती म्हणाली, मग यांना कोण विचारत नाही का कोणतं युद्ध? मी गाडी बाजूला घेऊन थांबले थोडा वेळ. काय की, तिच्या तोंडून ऐकल्यावर छातीवरचं काहीतरी सैल झालं. दिल्लीच्या युद्ध स्मारकात २०१९ पासून लंकेतल्यांची नावं ग्रॅनाइटवर आहेतच, कोलंबोजवळ त्यांच्या सरकारनेही स्मारक बांधलंय. म्हणजे लिहिलेलं आहे. मीच कधी गेले नाही बघायला.

आजीचं काय झालं होतं, त्या वर्षी टीव्हीवर रविवारी सकाळी रामायण लागायचं, गल्ली सगळी आमच्या पुढच्या खोलीत. काका तिकडे, आणि इथे टीव्हीवर पण लंकेचंच युद्ध चाललेलं. आजी शेजारणींना सांगायची, "येतेत की सगळे परत, रामाची सेना आली नव्हं?" मे महिन्यात तार आली. त्यानंतरच्या रविवारी तिने टीव्हीवर चादर टाकली, आणि शेवटचे भाग आम्ही शेजारी जाऊन बघितले.

रात्री लेकीने खोडरबरने तो पेन्सिलचा गोल पुसला. 'युद्धात' तसंच ठेवलं. मी म्हटलं खाली मोहिमेचं नाव लिही, ऑपरेशन पवन, श्रीलंका. तिने लिहिलं, मग पेन्सिल थांबवून म्हणाली, पवन म्हणजे वारा ना? हनुमानाचे बाबा?

हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आजीला तर हे नाव कोणी सांगितलंच नसणार. सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं कोण जाणे, पण शनिवारी मारुतीला तेल घालायला जायचं तिने बंद केलं होतं, ते कदाचित केलं नसतं.