हॉटबॉक्समधला मेलेला बल्ब

धनुष्याचा साचा उघडला आणि सवयीप्रमाणे कडेला ओघळून सुकलेल्या ग्लूच्या मण्यावर नख टेकवलं, तर नख आत गेलं. खरवडलं गेलं नाही, सरळ रुतलं, मेणात रुततं तसं. पाच तास हीटमध्ये राहिलेल्या इपॉक्सीचा मणी मोडला की कट्‌कन आवाज येऊन तुटायला हवा, हा रबरासारखा वाकत होता. उजव्या बाजूला जाऊन तिकडचा मणी मोडला तर तो काचेसारखा तुटला. म्हणजे एकाच धनुष्याचं एक लिम्ब (वाकणारी बाजू) पक्कं आणि दुसरं अर्धकच्चं!

आधी वाटलं मिक्सिंग चुकलं. पण ग्लू एकाच वाटीत कालवलेला, वजनकाट्यावर मोजून, तोच दोन्हीकडे लावलेला, मग अर्धाच कसा चुकेल? तरी माणूस आधी स्वतःच्या हातावरच संशय घेतो, मीही पंधरा मिनिटं वाटी न् काडी बघत बसलो.

ग्लू तापवून पक्का करायची आमची पेटी, म्हणजे हॉटबॉक्स, घरगुतीच. प्लायवूडचा सहा फुटी खोका, आतून फॉइलवाल्या फोमचा थर (थर्माकोल लावू नका, ८० डिग्रीच्या आसपास तो मऊ पडायला लागतो आणि पेटतोही पटकन), खाली १०० वॉटचे चार साधे तारेचे बल्ब, दोन डावीकडे दोन उजवीकडे, आणि तापमानाचा कंट्रोलर ७५ डिग्रीला लावलेला. हवा फिरवायला कंप्युटरचा छोटा फॅन होता, तो महिन्यापूर्वी जाम झालेला आणि "बघू नंतर" करत तसाच राहिलेला. हे लिहिताना लाज वाटते पण खरं आहे.

पेटी पालथी केली तेव्हा कळलं. डावीकडचा बॅकेलाइटचा होल्डर उष्णतेने तडकला होता, वायर स्क्रूमधून सुटली होती, आणि दुसरा बल्ब त्याच्याच पुढे जोडलेला म्हणून दोन्ही गेले. कंट्रोलरचा तापमान मोजणारा प्रोब मात्र उजवीकडे! त्याला ७५ दिसत होते, तो बिचारा समाधानाने चालू-बंद करत होता, आणि तीन फुटांवर अर्धं धनुष्य कोमट पडलं होतं.

काका (आमच्याकडचे सगळ्यात जुने कारागीर) म्हणाले, "अरे गेजकडे बघितलं नाहीस का?" तेव्हा खरी चपराक बसली. साच्यात लॅमिनेशन (धनुष्याचे ग्लू लावलेले थर) दाबायला हवा भरलेला होज असतो, त्याचा गेज पेटीच्या बाहेर. गार असताना ६० पीएसआय भरला की पेटी पूर्ण तापल्यावर तो ७२ च्या आसपास जातो, बंद जागेतली हवा तापली की प्रेशर वाढणारच. त्या दिवशी काटा ६८ वर थांबला होता. मी पाहिलं होतं, मला वाटलं व्हॉल्व्ह थोडा लीक असेल. आतली अर्धी हवा गारच आहे हे तो गेज पाच तास ओरडून सांगत होता.

धनुष्य वाचलं. इपॉक्सी नीट मिसळलेलं असेल आणि फक्त उष्णता कमी पडली असेल तर परत तापवून पक्कं होतं, अट एकच, साच्यात परत बसवून दाब देऊन तापवायचं, नाहीतर कच्चं लिम्ब तापल्यावर हवा तसा आकार घेतं. होल्डर बदलला, फॅन बदलला, परत पाच तास. संध्याकाळी डावा मणी मोडला, कट्‌.

मग बसलो की आता हीट सोर्स कुठला घ्यायचा. पंख्यावाला रूम हीटर म्हणाल तर तो गार हवा ओढायला बनवलेला, पेटीतली तापलेली हवा त्याच्या तोंडाशी आली की त्याचं सेफ्टी कटऑफ पडतं. हीटगनचं तर नावच नको, तोंडाशी काहीशे डिग्री, तासन्‌तास एकटी सोडायची वस्तूच नाही ती. इन्फ्रारेड लॅम्प समोरचा पृष्ठभाग भाजतो, त्यात धनुष्यावर काळं फायबरग्लास असेल तर ते चटकन तापतं आणि साच्याची मागची बाजू गारच राहते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो सिरॅमिक बल्ब मला मनापासून आवडला, टिकाऊ, पण त्याला उजेड नाही! आत मेला तर मला कळणार कसं? नुकतंच तेच तर भोगलं होतं.

शेवटी परत तारेचे बल्बच, पण आठ, पेटीभर सारख्या अंतराने, चिनी मातीच्या होल्डरमध्ये. एलईडी घेऊन येऊ नका, लोक आणतात खरंच. आणि दोन-दोन सिरीजमध्ये जोडले, म्हणजे प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज, पॉवर साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते, बल्ब मंद नारिंगी जळतो आणि त्याचं आयुष्य कैक पटीने वाढतं. तोटा हा की एक गेला की जोडीदारही विझतो, पण मला तेच हवं होतं, दोन विझलेले पटकन दिसतात. प्रत्येक जोडीसमोर प्लायला बोटाएवढं भोक पाडून काच लावली. बल्ब आणि साचा यांच्यामध्ये पत्र्याची आडवी पट्टी, म्हणजे थेट झळ फायबरग्लासला लागत नाही.

पेटी तापायला आता जवळपास तासभर लागतो, आधी अर्ध्या तासात व्हायची. मला चालतं. तसंही हवा ७५ दाखवते तेव्हा जाड रायझरमधली (धनुष्याच्या मधल्या मुठीतली) ग्लूलाइन कितीतरी मागे असते, म्हणून दुसरा प्रोब आता साच्यालाच रायझरशेजारी टेपने चिकटवलाय आणि पाच तास त्याच्यावरून मोजतो, हवेवरून नाही.

परवा तिसऱ्या भोकातून उजेड येईना. गेजवर अजून ६३ च होते. पेटी बंद केली, बल्ब बदलला, परत चालू केली.