पोटातल्या भाडेकरूंची सोय

अँटिबायोटिकचा कोर्स संपला, कान बरा झाला आणि लेकीचं पोट बिघडलं. दिवसातून चार वेळा पातळ शी. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं, "प्रोबायोटिकची, म्हणजे कामाच्या जंतूंची, पुडी देऊ का?" त्या म्हणाल्या, "पाणी पाजत राहा, नेहमीचं जेवण द्या, लघवी नीट होतेय ना ते बघा." तीन दिवसांत थांबलं.

कानातला जंतू कुठला आणि आतड्यातला कामाचा कुठला, हे त्या औषधाला कळत नाही. (त्याआधी एकदा साध्या सर्दीला मीच औषधासाठी हटून बसले होते. सर्दी विषाणूची, तिथे अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. असो.)

आतड्यातले हे कामाचे जंतू म्हणजे आपल्या पोटातले भाडेकरू. त्यांचं खाणं म्हणजे आपल्याला न पचणारे अन्नातले तंतू (फायबर). मोठ्या आतड्यात हे जंतू ते तंतू आंबवतात, ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना त्यातून ऊर्जा मिळते. आईच्या दुधातही बाळाला स्वतःला न पचणाऱ्या शर्करा असतात, त्या बायफिडोबॅक्टेरिया नावाचे कामाचे जंतू खातात. मला हे वाचून फार गंमत वाटली होती.

लेकीला कसली गंमत! असे तंतू असलेले वाटाणे ती वेचून ताटाच्या कडेला ओळीने मांडते. मी काही बोलत नाही, दोन दिवसांनी पुन्हा वाढते. अकराव्या खेपेला तिने एक चावला, तोंड वेंगाडलं आणि दुसरा उचलला. सफरचंदाची साल मात्र अजून माझ्याच ताटात येते.