दोन भाऊ, दोन छाटण्या आणि एक गारपीट

निफाड-दिंडोरीकडं द्राक्षबागांना सल्ला द्यायचं काम करतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, गारपीट झाली आणि सोमवारी ज्या दोन भावांच्या बागेत गेलो ते अजून डोक्यातून जात नाही.

थोरल्यानं ऑक्टोबरच्या मध्यात छाटलेलं, बाग ऐन फुलोऱ्यात. धाकट्यानं सप्टेंबरच्या सुरवातीलाच, मण्यात पाणी उतरायला लागलेलं, म्हणजे मणी फुगून मऊ व्हायला लागलेले. तारखा मुद्दाम लांब ठेवलेल्या, एक गेली तर दुसरी तारेल म्हणून. फुलोऱ्याला पाऊस लागला की घडकुज न् गळ, पाणी उतरलेल्या मण्याला लागला की तडे, आणि गारांनी तर काडीवरच जखमा केलेल्या. दोन्ही बागा एका रात्रीत बसल्या.

बाहेरच्यांना वाटतं फवारलं की झालं. अहो, डाऊनी या बुरशीच्या रोगाचा तेलकट डाग पान उजेडात धरून मी लगेच ओळखतो, पण पानामागं पांढरी बुरशी यायच्या आत फवारा बसला पाहिजे आणि चिखलात ट्रॅक्टर रुततो, फवारणीचा ब्लोअर बांधावरच उभा. त्यात माल युरोपला जाणार असेल तर वाट्टेल ते औषध चालत नाही, मण्यात औषधाचा अंश, रेसिड्यू, जास्त निघाला की माल नाकारला. पंचनाम्याला तलाठी यायच्या आधी टॉनिकवाले मात्र हजर, बिलबुकासकट!

थोरले तात्या म्हणाले, "ऑगस्टात टँकरनं बाग जगवली, आता गारा. हे कसलं हवामान?" तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा होता, आणि २०२३ हे जगातलं तोवरचं सगळ्यात तापलेलं वर्ष, औद्योगिक काळाआधीपेक्षा साधारण १.४५ अंशांनी. दीड अंश ऐकून लोक हसतात. पण हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे उघडीप असली की जमीन जास्त सुकवते आणि पडायला लागला की एकदम ओतते. ही गारपीट त्यामुळंच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही, पण आमचं छाटणीचं सगळं गणित पाऊस ऑक्टोबरात निघून जातो यावर बसवलेलं आहे, आणि नेमकं तेच आता धरून चालता येत नाही.

बागेवर टाकायच्या प्लास्टिक कव्हरचा विषय काढला तर तात्या नुसते बघत राहिले, सोसायटीचं कर्जच अजून फिटलं नव्हतं.

निघताना दोघांनी पुढच्या वर्षाची तारीख मागितली. म्हटलं, दोन तुकडे, दोन तारखा, हेच ठेवा. धाकटा म्हणाला, "सर, यंदा तेच केलं होतं की."